ओट्याचे तीन साक्षीदार

जेबाला घाटंजीत येऊन दोन महिने झाले होते. या दोन महिन्यांत तिच्याशी सगळ्यात नेमाने बोलली ती खोलीची मालकीण, आणि तीही एकच वाक्य: "नळ नीट बंद केला का?" मुकुटबनला घरी सकाळपासून चार जण तिच्या नावाने हाका मारायचे. इथे कॉलेजात मुली आपापल्या गावच्या घोळक्यात बसत, आणि मुकुटबनचा घोळका म्हणजे जेबा एकटीच.

त्यात दीपा मॅडमनी प्रकल्प दिला. गावातली एखादी जुनी वस्तू निवडायची आणि तिची माहिती जमवायची.

"मोबाइलवरून उतरवलेलं चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "माणसांना विचारा. तीन माणसांनी वेगवेगळं भेटून एकच गोष्ट सांगितली, तरच ती लिहा."

प्रकल्पाला वीस गुण होते. जोडीने केला तरी चालणार होता. वर्गात विद्यार्थी एकोणचाळीस, म्हणजे एक जण उरणार हे गणितानेच ठरलं होतं. जेबा उरेल, हे बाकीच्यांनी ठरवलं.

तिने बाजारातला ओटा निवडला. दगडी, कमरेइतका उंच, मधोमध गंजलेली लोखंडी कडी. भर दुपारी, उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळून आणि फक्त डोळे उघडे ठेवून ती ओट्याशेजारच्या पंक्चरच्या दुकानात गेली. रहेमानचाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधत होते.

"चाचा, हा ओटा कायचा होय?"

"मले काय मालूम, बेटी. पैदा झाल्यापासून पाहून राह्यलो. तुले काय वाटते?"

"कापसाच्या गाड्या येत असतीन," जेबा म्हणाली. "कडीले बैल बांधत असतीन. चाळीस तरी गाड्या असन."

"असन, असन," चाचा म्हणाले. त्यांना बुडबुडा सापडला होता.

"माहीत नाही" म्हणणारा माणूस साक्षीदार कसा होईल, असा विचार करून जेबाने चाचांचं नाव वहीत लिहिलंच नाही. विचारायला गेलेल्याने आपलं उत्तर आधी सांगू नये, ही साधी गोष्ट तिला अजून कोणी शिकवली नव्हती.

आठवडी बाजाराच्या दिवशी ती ओट्याजवळ रोज भाजी विकणाऱ्या बेबीताईंकडे गेली.

"वांगे घेते त सांगते. फुकटात इतिहास नाही भेटत," बेबीताई म्हणाल्या. जेबाने पाव किलो घेतली. "आता आयक. इथं कापसाच्या गाड्या लागत होत्या. एक नाही, दोन नाही, चाळीस! बैल या कडीले बांधत."

जेबाने पटकन वही उघडली. चाळीस! तिचा अंदाज गाडीगणिक खरा निघाला होता.

दुसरे साक्षीदार सदाशिवराव. शेतातलं काम उरकून चारच्या सुमारास ते चहाच्या टपरीवर येत आणि कोणी ऐको न ऐको, पेपर मोठ्याने वाचत.

"लिहून घे," ते म्हणाले. "सन एकोणीसशे आठ. चाळीस गाड्या. इंग्रज साहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसे. वरतून छत्री."

"तुम्ही पाह्यलं, काकाजी?"

"एवढा बुढा दिसून राह्यलो का मी तुले?"

तिसऱ्या साक्षीदाराच्या शोधात ती एका संध्याकाळी पंक्चरच्या दुकानावरून जात होती. ऊन उतरलं होतं, स्कार्फ पिशवीत होता. तिने सहज ओट्याचा विषय काढला, तर चाचांनी पाना खाली ठेवला.

"क्या जमाना था, बेटी! चाळीस गाड्या. अन् साहेबाचा घोडा पांढरा. एकदम बर्फावानी."

मागच्या वेळी काहीच माहीत नसलेल्या चाचांना आता घोड्याचा रंगसुद्धा आठवत होता. कोणी जाणकार भेटला असेल, असं जेबाने मनाशी ठरवलं आणि तिसरा साक्षीदार म्हणून चाचांचं नाव लिहिलं. मनासारखं उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न सुचत नाही. मोठमोठ्यांचं असं होतं, ही तर अठरा वर्षांची पोर.

प्रकल्पाच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट घडली होती. आता ती बाजारातून गेली की बेबीताई तिच्या पिशवीत चार काड्या कोथिंबीर टाकत. सदाशिवराव अर्धा चहा बशीत ओतून पुढे करत. चाचा लांबूनच हात हलवत. नाव कोणालाच माहीत नव्हतं. सगळे "कॉलेजची पोरगी" म्हणत. पण त्या तीन हातांसाठी ती रोज वाट वाकडी करून खोलीवर जाऊ लागली.

इकडे सदाशिवरावांचा उत्साह वाढत चालला. त्यांनी ओट्याला चुना मारून घेतला, कडीला तेल लावलं आणि पुढच्या बाजाराला नारळ फोडायचं ठरवलं. "कॉलेजची पोरगी भाषण देईन," हेही त्यांनीच जाहीर केलं.

मॅडमनी वही वाचली. "छान. आता परत जा आणि तिघांना एकच विचार: तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मले बेबीताईनं सांगतलं," सदाशिवराव म्हणाले. "सन मी टाकलं. सनाशिवाय इतिहास बरा नाही दिसत."

"मले रहेमानभाईनं," बेबीताई म्हणाल्या. "सायकलचं पंक्चर काढाले गेलती, तवा."

शेवटी जेबा चाचांकडे गेली.

"मले? एक कॉलेजची पोरगी आलती, तोंडाले फडकं बांधून," चाचा म्हणाले. "लय हुशार. तिनं सांगतलं. तू वळखते काय तिले?"

जेबा पाण्यातल्या ट्यूबकडे बघत राहिली. "नाही," ती म्हणाली.

खोलीवर जाऊन तिने हिशोब मांडला. गप्प राहिलं तर वीस गुण आणि तीन माणसं. खरं बोललं तर ओट्याचा इतिहास जाणार, आणि चारचौघांत खोटी पडलेली ती तीन माणसं तिला पुन्हा कशाला जवळ करतील? नळ बंद आहे का, ते तिने त्या दिवशी दोनदा उठून पाहिलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ओट्याभोवती तीस-चाळीस माणसं जमली. नारळ फुटला. जेबा ओट्यावर चढली आणि वही न उघडताच म्हणाली, "त्या चाळीस गाड्या मीच सांगतल्या होत्या. रहेमानचाचाले. अंदाजानं. मले काहीच माहीत नव्हतं."

मग गर्दीतून कोणीतरी विचारलं, "मंग साहेब कुठून आला?"

सगळ्या माना सदाशिवरावांकडे वळल्या.

"गाड्या हायत म्हनल्यावर मोजाले कोनी पाहिजे का नाही?" सदाशिवराव म्हणाले.

"अन् घोडा?"

"साहब पैदल येईन का?" चाचा उसळले.

"मले कायले पाहून राह्यले? मी त गाडी वाढवली नाही न कमी केली नाही!" बेबीताई ओरडल्या.

भांडण छान पेटलं. जेबा मागच्या बाजूने उतरून निघून गेली. तिला कोणी थांबवलं नाही.

वहीत तिने निष्कर्ष लिहिला: "ओटा कशाचा, हे कळलं नाही. तीन साक्षीदार शेवटी एकच निघाले आणि ती मी आहे." मॅडमनी अठरा गुण दिले.

आठवडाभर ती बाजार टाळून सरळ रस्त्याने ये-जा करत राहिली. पण बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यावर बैलगाड्या अडकल्या होत्या, म्हणून तिला मान खाली घालून ओट्याकडूनच जावं लागलं. सदाशिवराव दोन परगावच्या माणसांना समजावत होते. "लोकं म्हन्तात इथं गाड्या लागत. साफ खोटं! आम्ही पुरा तपास केला."

"ए पोरी!" बेबीताईंचा आवाज आला. "आठ दिवस कुठं गेलती?"

"तुम्हाले राग आला असन म्हणून..."

"आला ना! गिऱ्हाईक सोडून भाषन आयकाले आलती मी. बस इथं." त्यांनी मिरच्यांचं पोतं सरकवून जागा केली. चाचांनी दुकानातून नुसता हात हलवला. "तुह्यं नाव काय वं?" बेबीताईंनी विचारलं.

"जेबा."

"गाव कोनतं?"

"मुकुटबन."

"घरी कोन कोन हाय? इथं रांधते कोन? अन् एवढी वाळली काहून?"

प्रश्नामागून प्रश्न येत होते आणि एकाचंही उत्तर बेबीताई आधी सांगत नव्हत्या. घाटंजीत पहिल्यांदाच कोणीतरी जेबाची माहिती जमवत होतं. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि अब्बांपासून सुरुवात केली.