साळूबाईच्या बिळाची नोंद

एका जंगलात घरांना नुसती दारं होती. मग जंगल सुधारलं आणि घरांना पासवर्ड आले.

पासवर्ड म्हणजे काय, हे मुलांनो, तुम्हाला मी सांगायला नको. आईच्या मोबाइलचा पासवर्ड पाठ करूनच तुम्ही पाळण्यातून उतरलात. पण जंगलातल्या जनावरांना तो काही केल्या पाठ होईना.

त्या जंगलात सिंहमहाराजांची एक कचेरी होती, वडाखाली. तिथं बगळेपंत हेडक्लार्क होते. कपडे पांढरेशुभ्र, उभं राहणं एका पायावर आणि काम समोर आलं की डोळे मिटायची हातोटी. एवढ्या गुणांवर माणूस आणखी वर चढला असता, पण वर महाराज बसले होते.

आधी बगळेपंत कचेरीचे सगळे पासवर्ड आपट्याच्या पानांवर लिहून ठेवत. एका उन्हाळ्यात हरणांनी ती पानं खाल्ली. अख्खा कारभार दोन घटकांत रवंथ होऊन गेला. मग सुधारणा आणखी पुढे न्यायचं ठरलं, आणि शहरातून तीन वस्तू आल्या.

पहिला लॅपटॉप. तो इतका हलका की वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर गोटा ठेवावा लागे. काम करताना गोटा बाजूला काढायचा आणि पंतांनी आपला मोकळा पाय लॅपटॉपवर ठेवायचा. पंतांना दुसऱ्या पायाचा उपयोग आयुष्यात पहिल्यांदा कळला.

दुसरा मोबाइल. त्यात कुलूपपेटी नावाचं अ‍ॅप होतं. सगळे पासवर्ड ते पोटात ठेवायचं. आपण फक्त अंगठा टेकवायचा, की ते हवा तो पासवर्ड लॅपटॉपला पोचवायचं.

तिसरा एक मोठा पडदा. लॅपटॉप हलका, म्हणून त्याचा स्वतःचा पडदा बोराएवढा. तेव्हा त्याला वायरीनं हा मोठा पडदा जोडायचा, म्हणजे सगळ्यांना लांबून दिसेल. दोन गव्यांनी तो ओढत आणला.

पडदा जोडला. चालू केला. पण उघडला नाही.

का नाही, ते ऐका. त्याचं उद्घाटन व्हायचं होतं. मोठी वस्तू महाराजांच्या हातून सुरू झाल्याशिवाय तिच्याकडे कुणी बघायचं नाही, ही त्या जंगलाची रीत. म्हणून पडद्यावर जरीची शाल टाकली, वर झेंडूचा हार घातला, आणि महाराजांची तारीख मागितली. महाराज दिवसाचे अठरा तास झोपत आणि उरलेले सहा जांभया देत. तारीख काही मिळेना. तीन महिने गेले. हार सुकायचा, पंत नवा घालायचे.

त्याच तीन महिन्यांच्या सुरुवातीला महाराजांची आज्ञा निघाली होती. प्रत्येक बीळ, ढोली, घरटं आणि गुहा कचेरीतल्या यंत्रात नोंदवायची. मुदत तीन महिन्यांची. शेवटच्या दिवशी सूर्य बुडाला की ज्याची नोंद नाही ते घर ओसाड धरलं जाईल. आणि ओसाड घर मागेल त्याला दिलं जाईल.

पहिल्याच दिवशी ससे रांगेत उभे राहिले. पंतांनी लॅपटॉपवरची नोंदवही उघडायला घेतली. नोंदवहीनं पासवर्ड मागितला. पंतांनी मोबाइलवर पायाचा अंगठा टेकवला. मोबाइल म्हणाला, पाठवला. लॅपटॉप गप्प. थोड्या वेळानं मोबाइल म्हणाला, उत्तर आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. पंतांनी पुन्हा प्रयत्न केला. दिवसभर केला. शेवटी सशांना सांगितलं की यंत्र बिघडलंय, उद्या या.

ससे उद्या आले. परवाही आले. मग मुंगसं आली, घुबडं आली, अस्वलं आली. सगळ्यांनी रांग धरली आणि सगळी मान डोलवून परत गेली. तक्रार एकानंही केली नाही. फार गुणी जंगल होतं ते.

शेवटच्या दिवशी सकाळी साळूबाई आली.

साळूबाई ही म्हातारी साळिंदर. बांबूच्या उतारावर तिचं बीळ होतं. खडकाळ जागेत दोन पावसाळे नखं झिजवून तिनं ते एकटीनं खणलं होतं. आत कंदमुळांची कोठी, आणि तीन दारं. साळिंदरं दिवसा झोपतात. तरी ती आतापर्यंत अकरा वेळा झोप मोडून कचेरीत येऊन गेली होती.

आजचं येणं निराळं होतं. आदल्या संध्याकाळी तरस तिच्या दाराशी आला होता. शेपटीनं त्यानं दाराची रुंदी मोजली, आत डोकावला, आणि वर म्हणाला की आजी, कोठीतलं सामान राहू द्या, मला चालेल.

साळूबाईला लिहिता-वाचता येत होतं. कुणी शिकवलं नव्हतं. झाडाझाडावर महाराजांच्या हुकमांच्या पाट्या ठोकलेल्या होत्या, त्यावरून ती अक्षरं शिकली. तिला वाचता आलेला पहिला शब्द होता 'मनाई'. पुढं बरेच दिवस दुसरा शब्द भेटलाच नाही.

ती कचेरीत आली आणि मधोमध बसली. पंत उद्या या म्हणायला चोच उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली की आज उद्या नाहीये, घ्या करायला.

पंतांचा नाइलाज झाला. त्यांनी हुप्पेसाहेबांना पुन्हा एकदा बोलावलं. हा वानर यंत्रांचा तज्ज्ञ होता. एकदा तो मोबाइलच्या टॉवरवरून खाली पडला होता, तेव्हापासून त्याला सगळे साहेब म्हणत.

हुप्पेसाहेबांनी लॅपटॉप बंद केला आणि चालू केला. मोबाइल बंद केला आणि चालू केला. मग पंतांना म्हणाला, तुम्ही पाय बदला. पंतांनी पाय बदलला. मोबाइलवर तोंडाची वाफ सोडून तो शेपटीनं पुसला. कुलूपपेटी काढून टाकली आणि पुन्हा घातली. लॅपटॉपचं तोंड पूर्वेला केलं. प्रत्येक वेळी तेच. अंगठा, मग पाठवला, मग उत्तर आलं नाही.

साळूबाईचे कान तिखट. तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. पंतांनी अंगठा टेकवला की बरोबर त्याच वेळी शालीखालून टुंग असं वाजायचं. आणि जरीच्या काठाखालून थोडा उजेड सांडायचा.

"पंत, शालीखाली काय वाजतंय?"

"तो मोठा पडदा आहे."

"चालू आहे?"

"चालू आहे. उघडलेला नाही."

"म्हणजे यंत्र तिकडे तोंड करून बोलतंय, आणि तुम्ही तीन महिने त्याच्या पाठीला कान लावून बसलात."

हुप्पेसाहेबांनी डोकं खाजवलं. तो म्हणाला, मावशीचं म्हणणं बरोबर असू शकतं. मोठा पडदा जोडला की लॅपटॉप त्यालाच मुख्य समजतो. विचारायचं ते तिकडेच विचारतो. एक छोटी चौकट उघडत असेल, होय किंवा नाही दाबायची. इकडे दिसत नाही म्हणून कुणी दाबत नाही.

साळूबाईनं विचारलं की हे तुला कधीपासून माहीत आहे.

"दोन महिने झाले असतील."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"मला लॅपटॉप बघायला बोलावलं होतं, मावशी. पडद्यासाठी वेगळं पत्र लागतं."

साळूबाई पंतांना म्हणाली, शाल काढा. पंत म्हणाले, उद्घाटन व्हायचंय. ती म्हणाली, सूर्य बुडायचाय. पंत म्हणाले, महाराजांच्या आधी कुणी पडदा पाहिला तर त्याला काय शिक्षा आहे हे कुठं लिहिलेलं नाही, आणि म्हणूनच भीती वाटते. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"साळूबाई, वर बघा. या वडावर माझं घरटं आहे. त्याचीही नोंद नाही. मी करतोय का तक्रार?"

साळूबाईला क्षणभर त्यांची दया आली. क्षण संपल्यावर ती उठली.

तिनं अंग झाडलं. काटे खळखळले. एक लांब काटा तिनं शालीच्या काठात अडकवला आणि ओढला. हार आधी पडला, मग शाल. पंतांनी डोळे मिटले. हुप्पेसाहेब एकाएकी वडाच्या पारंब्या मोजू लागला.

पडद्यावर खरंच एक छोटी चौकट होती. तिच्यात लिहिलं होतं, 'तुम्हीच आहात ना?' खाली होय, आणि शेजारी नाही.

इतक्या वर्षांत साळूबाईला हे कुणी विचारलं नव्हतं. "मीच," ती म्हणाली, आणि तिनं होयवर बोट ठेवलं.

नोंदवही उघडली. पंतांचे डोळे मिटलेलेच होते, म्हणून तिनं स्वतःच एकेक अक्षर शोधून भरलं. नाव साळूबाई. ठिकाण बांबूचा उतार, जांभळीखाली. दारं तीन. यंत्रानं लिहिलं, नोंद क्रमांक एक.

मग ती पंतांना म्हणाली की आता डोळे उघडा, अजून तीन प्रहर उजेड आहे, तुमचं घरटं वहीत घाला, आणि सशांना हाक मारा.

पंतांनी एक डोळा उघडला. पडद्याकडे पाहिलं. त्यांची चोच हलली, बहुतेक घरट्याचं नाव घ्यायलाच. तेवढ्यात नदीकडून नगारा वाजला. महाराजांना जाग आली होती. जाग आल्यावर त्यांनी विचारलं होतं की आज काही उद्घाटन वगैरे आहे का.

मग काय विचारता. पंतांनी नोंदवही मिटली, शाल झटकून पुन्हा पडद्यावर घातली, हाराच्या पाकळ्या वेचून नीट केल्या. साळूबाई म्हणाली की अहो, आधी नोंदी करा, शाल मागाहून घाला. पण उद्घाटन झालेलं यंत्र आणि नोंदी झालेलं यंत्र यांत पंतांना पहिलं मोठं वाटलं. साळूबाई मागे जाऊन उभी राहिली.

सगळं जंगल जमलं. नारळ फुटला. पंतांचं भाषण झालं, हुप्पेसाहेबांचं झालं, गव्यांनी पडदा कसा ओढला तेही गव्यांनी सांगितलं. महाराज बोलले सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त. सूर्य डोंगराला टेकला. तेव्हा कुठं महाराजांनी शाल ओढली. पंतांनी मोबाइलवर अंगठा टेकवला. टुंग.

सगळ्या जंगलासमोर, भल्यामोठ्या अक्षरांत, पडद्यानं महाराजांना विचारलं, 'तुम्हीच आहात ना?'

महाराजांची आयाळ ताठ झाली. आमच्या जंगलात आम्हालाच विचारतो, आम्ही कोण? कुणी काही सांगायच्या आत त्यांनी पंजा उचलला आणि उत्तर न देण्याच्या अर्थानं 'नाही'वर मारला.

यंत्राला तेवढा बारीक अर्थ कळत नाही. कुलूपपेटीला वाटलं, परका कुणी शिरतोय. तिनं सगळी कुलुपं लावली, पासवर्ड गिळले आणि लिहिलं, 'काळजी नको. आता कुणीही आत येऊ शकणार नाही.'

टाळ्या वाजल्या. सूर्य बुडाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या छपाईच्या यंत्रातून आपोआप नोटिसा निघाल्या. आपले घर ओसाड ठरले आहे. सशांना मिळाली, घुबडांना मिळाली, पंतांच्या घरट्याला मिळाली. तरसालाही मिळाली. सर्वांत मोठी महाराजांच्या गुहेला, कारण गुहा मोठी.

जंगलात खळबळ उडाली. चौकशी बसली. ती कुलूपपेटीची बसली असं तुम्हाला वाटलं असेल. नाही, साळूबाईची बसली. सगळ्यांची नोंद झाली नाही तर हिचीच कशी झाली, हा प्रश्न होता. ससे म्हणाले, आम्ही तीन महिने रांगेत होतो, ही मधे घुसली. अस्वलं म्हणाली, वशिला असणार. चौकशीत ठरलं की सगळ्यांना सारखा न्याय हवा, म्हणून साळूबाईची नोंदही रद्द करावी.

रद्द करायला नोंदवही उघडायला हवी होती. नोंदवहीला पासवर्ड हवा होता. हुकूम काढून तसाच ठेवून दिला.

मग हुप्पेसाहेब म्हणाला की दुसरी कुलूपपेटी घेऊ आणि दुसरी नोंदवही काढू. घेतली. नव्या कुलूपपेटीनं पहिलाच प्रश्न विचारला, आपला नोंद झालेला पत्ता काय. महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी डोळे मिटले, पण या वेळी ते चाललं नाही.

भर दुपारी पंत बांबूच्या उतारावर आले. साळूबाई गाढ झोपली होती. पंतांनी दारात उभं राहून तीनदा हाक मारली. चौथ्या हाकेला ती बाहेर आली.

"साळूबाई, महाराजांना तुमचा पत्ता हवा आहे."

"कशाला? खायला येणार आहेत का मला?"

"नाही, नाही. राहायला. म्हणजे कागदोपत्री."

"एकटेच?"

पंतांनी मान खाली घातली. "सगळंच जंगल."

साळूबाईनं मागं वळून बिळाकडे पाहिलं. मग म्हणाली, घाला लिहून. पण नाव आधी माझं, महाराजांचं त्याच्या खाली.

तसंच झालं. आज त्या जंगलात कागदोपत्री अकराशे जनावरं, दोन गवे आणि एक राजा असे सगळे तीन दारांच्या एका बिळात राहतात. यंत्रानं हरकत घेतली नाही. फक्त हत्तींच्या वेळी त्यानं 'नक्की?' असं विचारलं, हत्ती होय म्हणाले. तरसानं साळूबाईचं बीळ मागण्याचा अर्ज केला होता. तो परत आला. त्यावर शेरा होता की अर्जदार सध्या तिथेच राहतो.

महाराजांची पत्रंही आता बांबूच्या उतारावर येतात. वर पत्ता असतो : साळूबाई साळिंदर, जांभळीखाली, आणि त्याखाली बारीक अक्षरात, सिंहमहाराज. साळूबाई ती आधी स्वतः वाचते. महाराजांनी वाचण्यासारखी असली तर पुढं पाठवते.

*तात्पर्य* : मुलांनो, नेहमी आज्ञाधारक असावं. सगळ्यांनीच आज्ञा मोडल्या तर ज्याला त्याला आपापलं घर मिळेल, आणि मग कुणी कुणावर राज्य करायचं?