वकीलसाहेब आणि व्याध

आमच्या घरी आलेल्या लग्नपत्रिकेला शेजारच्या वकीलसाहेबांनी सुईनं दोन भोकं पाडली नाहीत, असं कधी झालं नाही. भोकं पाडायची, अंगणाच्या पार टोकाला बारीक वातीचा दिवा ठेवायचा, पत्रिका डोळ्याला लावून त्याच्याकडे बघायला लावायचं आणि विचारायचं, "वहिनी, पट्टे दिसले काय?"

दिसत, नातवंडांनो. दोन भोकांतून आलेला उजेड एकमेकांत मिसळला की काळे-उजळ पट्टे उमटतात. भोकांमधलं अंतर वाढवत गेलं की पट्टे पुसट होत नाहीसे होतात, आणि त्या अंतरावरून दिव्याची रुंदी काढता येते. दिव्याची, तशीच ताऱ्याचीही! दुर्बिणीत जो नुसता ठिपका दिसतो, त्याची रुंदी यवतमाळात उभं राहून! हे समजलं तेव्हा पत्रिका हातात धरून मी कितीतरी वेळ वर पाहत बसले.

वकीलसाहेबांना आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, व्याध, मोजायचा होता. गच्चीवर लांब फळी, दोन्ही टोकांना भोकांच्या जागी न्हाव्याकडून आणलेले आरसे, मध्ये दुर्बीण. पण पट्टे दिसायच्या आत जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांनी गच्ची हादरे. मग साहेब काळ्या कोटासकट रस्त्यात उभे राहत. "थांब ना बाप्पा जरासा, व्याध साक्ष देऊन राह्यला."

"साक्ष तुमची, बैल माहे," म्हणून गाडीवान पुढे जाई.

"व्याधानं पुढची तारीख घेतली," असं सांगत साहेब घरात शिरत. कित्येक हिवाळे अशा तारखाच पडल्या, आणि थंडीत गच्चीवर मी त्यांना चहा नेऊन देत राहिले.

छप्पन साल संपता संपता नागपूरच्या इंग्रजी वर्तमानपत्रात बातमी आली. इंग्लंडात दोघा शास्त्रज्ञांनी व्याधाची रुंदी मोजली होती. सर्चलाइटचे दोन जुने आरसे दूर दूर ठेवून, प्रत्येकापाशी विजेचा डोळा बसवून, दोन्ही डोळ्यांनी टिपलेली उजेडाची थरथर ताडून पाहिली. आरसे थोडे हलले तरी बिघडत नव्हतं. वाचून मी थक्क झाले, आणि लगेच वकीलसाहेब आठवले. आमचं वाचून झालं की ते पत्र वकीलसाहेबांकडे जाई.

तुमचे आजोबा म्हणाले, ते पान काढून ठेव. बायको गेली, मूलबाळ नाही. त्या माणसाजवळ दुसरं आहे काय?

मला ते पटेना. मी स्वतः पत्र नेऊन दिलं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचलं, मग पुन्हा वाचलं. वाईट वाटलं का, असं मी हळूच विचारलं.

"वाईट कायले वाटन, वहिनी?" ते चष्मा पुसत राहिले. "मले वाटे, व्याधाकडे असं पाहणारा मी एकटाच आहो."

मग त्यांनी पत्राची नीट घडी घातली. मी निघाले तेव्हा म्हणाले, "तिकडे थंडी लय असन. त्या दोघायले कोनी चहा नेऊन देत असन काय?"