दूध संघाच्या संगणकाची ओळखपरेड

या, असे पुढे सरका मंडळी. कीर्तनात मागं बसतो त्याला डुलकी लागते, आणि ही हकिकत डुलकीत ऐकायची नव्हे. कोल्हारच्या आमच्या दूध संघाच्या शाखेत विज्ञानयुग कसं अवतरलं आणि ते मी एकट्यानं दारात कसं अडवून धरलं, ते सांगतो!

साल शहाण्णव. नगरच्या मुख्य कचेरीत मोठा संगणक, आमच्याकडं धाकटा. दोघांनी टेलिफोनच्या तारेतून बोलायचं. धाकट्यानं आधी नाव आणि पासवर्ड सांगायचा, थोरल्याला ओळख पटली की दार उघडायचं, आणि शेतकऱ्यांच्या दुधाचा हिशेब क्षणात नगरला! आजवर तो एस.टी.नं जायचा, आणि एस.टी. राहुरीला चहा प्यायची.

चाचणीच्या दिवशी चेअरमन भाऊसाहेब खुर्ची ओढून बसले. "दुपारपातूर जोडनी झाली तर बरं. न्हाईतर यंत्र बेलापूरच्या शाखेला. टेम्पो उभा हाय भाईर."

यंत्र गेलं म्हणजे ते चालवणारी अश्विनीही गेली. तिची नेमणूक यंत्राबरोबरची, आणि तीही कच्ची. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. रोज बेलापूर गाठणं तिला जमणारच नव्हतं.

"अश्विनी, काळजी सोड," मी म्हणालो. "पासवर्ड माझ्याकडं आहे!"

होता खरा. नगरच्या इंजिनिअर प्रशांतनं तो फक्त शाखाप्रमुखाच्या, म्हणजे माझ्याच, कानात सांगितला होता. अगदी गुरुमंत्रासारखा! आणि गुरुमंत्र चारचौघांत फोडायचा नसतो, हे आम्हा कीर्तनवेड्यांना कुणी शिकवायला नको. मी सगळ्यांना भिंतीकडं तोंड करायला लावलं. चेअरमनसुद्धा! वर की-बोर्डावर उपरणं धरलं.

मॉडेम नावाची डबी किंचाळली. घसा बसलेल्या बुवांनी हट्टानं वरचा सूर लावावा, तशी. मग पडद्यानं पासवर्ड मागितला. मी एक बोट उगारून अक्षर दाबलं. फुली! दुसरं दाबलं. फुली!

"अगं, हे लिहीन ते खोडतंय!"

"खोडत नाही काका, झाकतंय," अश्विनी भिंतीला म्हणाली. "कुणी वाचू नये म्हणून."

यंत्र माझ्याइतकंच पोटात ठेवणारं निघालं. आदर वाटला. शब्द पुरा केला. उत्तर आलं, ओळख पटली नाही!

"सायेब, तुमाला नगरात कुनीच वळखत न्हाई का?" शिपाई सहादेवनं भिंतीकडं बघतच विचारलं.

आता प्रशांतला विचारायचं, तर फोन हवा. फोन एकच, आणि त्याच्या तारेला मॉडेम चिकटलेला. जोडणी असली की फोन नाही, फोन असला की जोडणी नाही. याला म्हणतात दळणवळणाची क्रांती! मॉडेम उपटला, नंबर फिरवला.

"शब्द चुकला असेल," प्रशांत म्हणाला.

"चुकला? अरे, कीर्तनात बुवा अडले तर पुढचं चरण मी मागून पुरवतो!"

"मग परत लिहून बघा."

परत लिहिला. परत नकार! मग मी दोष वाटायला घेतले. पहिला तारेला, सहादेवला खांबापर्यंत पिटाळलं. दुसरा पंख्याला, तो बंद करून सगळे घामानं न्हाऊन निघालो. शेवटी सहादेवनं टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला आणि पाणी थेट वायरींवर! अश्विनीनं धावत येऊन पदरानं टिपलं, तर मीच तिच्यावर ओरडलो, "तोंड फिरव! गुपित आहे!"

तिसऱ्या नकारानंतर नगरच्या थोरल्यानं दाराला कुलूपच घातलं.

फोनवर प्रशांतचा आवाज हात जोडल्यासारखा आला. "कुलूप काढतो काका. पण एकदाच."

भाऊसाहेब उठले. "सहादेव, दोर आन. यंत्र बांधा."

तेव्हा अश्विनी वळली. डोळे भरलेले, आवाज मात्र शाबूत. "काका, शब्द नका सांगू. शब्दाच्या आधी काय लिहिता, तेवढंच सांगा."

"आधी काय लिहिणार? कोऱ्या जागेवर लिहायचं म्हणजे आधी श्री! लग्नपत्रिका असो नाहीतर वाण्याची यादी, श्री घातल्याशिवाय हात चालतो का कुणाचा?"

तिनं कपाळाला हात लावला. "काका, श्री काढा!"

"श्री काढू? दुधाच्या हिशेबापायी देवाला उंबऱ्याबाहेर ठेवू?"

"देव समजून घेईल काका. ते यंत्र नाही घेणार!"

मी आशेनं भाऊसाहेबांकडं बघितलं. त्यांनी सहादेवच्या हातातला दोर ओढून खाली टाकला. "श्री बिगर सुरवात? आपल्या शाखेत न्हाई जमायचं! त्या नगरवाल्यालाच म्हनावं, तुज्याकडं श्री घाल!"

पुन्हा फोन. नेमकी लाईन खरखरायला लागली.

"काय घालू?" प्रशांत.

"श्री!"

"ऐकू येत नाही!"

"श्री कपिला!" मी छातीतलं सगळं बळ लावलं. "पासवर्ड, श्री कपिला!"

अंगणात कॅन न्यायला आलेल्या झुंबरबाईंनी खिडकीतून डोकं घातलं. "कपिला कुनाची वो? दूध लई देती का?"

मॉडेम किंचाळला, मी श्रीसकट शब्द लिहिला, आणि दार उघडलं! टेम्पो रिकामा गेला. भाऊसाहेबांनी अश्विनीला तिथंच पक्की करून टाकली आणि ती नारळाचा तुकडा हातात घेऊन रडली.

संध्याकाळी कीर्तनात बुवांनी माझाच दृष्टान्त घेतला. भोळा भाव कसा असावा म्हणून! कर्ण्यावरून, अख्ख्या कोल्हारला, पासवर्डासकट! दुसऱ्या दिवशी नगरनं शब्द बदलला आणि नवा अश्विनीच्या कानात सांगितला. माझ्या कानाला तेव्हापासून विश्रांती आहे.

पण दृष्टान्त कर्ण्यापेक्षा लांब जातो. बेलापूरच्या शाखेनं पासवर्डात हरिहर मागितला. घोडेगाववाले खंडोबाशिवाय बटण दाबायला तयार नाहीत, आणि एका शाखेत तर दोन भावक्यांची दोन दैवतं असल्यानं चाचणीच तहकूब आहे. तेव्हा मंडळी, आज देवापुढं हात जोडाल तेव्हा माझं सोडा, त्या प्रशांतची तेवढी आठवण ठेवा. जिल्ह्यात शाखा पुष्कळ आहेत, आणि देव तर मोजायचीच सोय नाही!