शेवटच्या वळणावरचा ब्रेक

माणसाला त्याच्या जुन्या गाडीत बसवलं की आठवणी आपोआप बाहेर पडतात, हा संपादकांचा स्वतःचा शोध होता आणि त्यांना त्याचा भलताच अभिमान होता. गावातल्या मोटारशर्यतींचा इतिहास ते याच पद्धतीनं लिहीत होते. शर्यतीच्या ट्रॅकवर केव्हाच घरं उभी राहिली होती, शर्यतवीरही एकेक करून कमी होत होते. छापलं जाईल तेवढंच उरणार, याची त्यांना मनापासून काळजी होती.

पुस्तक होत आलं होतं. छळत होता तो एकच प्रश्न. शेवटच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असलेल्या ‘बाण’काकांनी शेवटच्या वळणावर ब्रेक का मारला? मागून येणारा काकूंचा भाऊ त्यामुळे जिंकला आणि काकूंनी या दिलदार माणसाशी लग्न केलं, हे सगळ्यांच्या तोंडी होतं. ‘त्याग’ नावाचं प्रकरण छापूनही झालं होतं. पण खुद्द काका कधी त्यावर बोलले नव्हते आणि संपादकांना चैन पडेना.

म्हणून काकांना चढावरच्या गॅरेजात त्यांच्या जुन्या गाडीत बसवण्यात आलं. शेजारी संपादक, हातात रेकॉर्डर. आठवणींना जोर यावा म्हणून इंजिनही सुरू केलं.

“हं, वळण आलं. काय होतं मनात?”

“मनात कसलं काय,” म्हणत काकांनी रंगात येऊन गिअर टाकला.

गाडी उताराला लागली. उताराच्या शेवटी छापखाना होता आणि त्याचं शटर उघडं होतं.

“काका, ब्रेक मारा!”

काकांनी जीव खाऊन पाय दाबला. गाडी दुप्पट वेगानं छापखान्यात घुसली आणि ‘त्याग’च्या गठ्ठ्यांत रुतून बसली. सुदैवानं कोणाला खरचटलंही नाही.

“तेव्हाही असंच झालं,” काका पुटपुटले. “घाबरलो की माझा पाय चुकतो. वेग वाढवायला गेलो आणि ब्रेक दाबला गेला.”

संपादकांना आनंद लपवता येईना. काकांनी त्यांचा हात घट्ट धरला. “हे छापू नका हो. हिनं त्या ‘त्यागा’वर भुलून लग्न केलंय. या वयात मी कुठे जाऊ?”

तेवढ्यात आवाज ऐकून काकू धापा टाकत आल्या. त्यांनी नवऱ्याला आधी नीट न्याहाळलं, मग गाडीकडे पाहिलं.

“पुन्हा पाय चुकला ना?”

काका खाली बघू लागले. संपादकांनी चाचरत विचारलं, “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“लग्नानंतर मी पहिल्यांदा यांच्या शेजारी गाडीत बसले तेव्हाच कळलं. माहेरचं फाटक गेलं त्यात. छापा तुम्ही खुशाल.”

“मग इतकी वर्षं यांना बोलला का नाहीत?”

“कशी बोलणार?” काकू म्हणाल्या. “हे घाबरले असते. आणि शेजारी मीच बसलेली असते.”