चार महिन्यांपुरती हार्ड डिस्क

निवृत्त हेडमास्तर भगवंतरावांना १९९८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी सहा महिने दिले होते. त्यांतले दोन संपले आणि घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क खरखर करू लागली. तिच्यात त्यांच्या आत्मचरित्राची चारशे पानं होती, फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून ते आणि पत्नी रेणुकाबाई तलमडुगूहून बसनं आदिलाबादला गेले. दुकानदार खुशाल त्यांचाच जुना विद्यार्थी.

"सर, ही दोन जीबीची, एक वर्ष गॅरंटी. अन् ही चारची. पाच वर्षं पाहाचं काम नाई."

"लहान दे. मले चार महिने पुरते."

"चार महिने? सर, पाच वर्षांची गॅरंटी..."

"डिस्कची हाये रे. माही नाई."

खुशालनं रेणुकाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. "मोठी दे बापा," त्या म्हणाल्या.

सरांकडेच बघत खुशालनं मोठी डिस्क जोडली. जुन्या डिस्कवरचं नवीवर उतरवायचं, ते त्यानं नवीवरचं जुनीवर उतरवलं. नवी कोरी होती. आता दोन्ही कोऱ्या झाल्या.

"डिस्क चांगली हाये, सर," तो रडवेला होऊन म्हणाला. "दोनी चांगल्या हायेत. फक्त... त्यात काईच नाई."

भगवंतराव स्टुलावर बसले. एका वेलांटीसाठी छडी उगारणारा माणूस, पण आवाज चढला नाही.

"डॉक्टरनं चार महिने तरी ठेवले होते रे. तू काईच नाई ठेवलं."

घरी आल्यावर रेणुकाबाईंनी चहा पुढ्यात ठेवला.

"पुना लिवा."

"चारशे पानं? आता?"

"त्यात मी एकाच ओळीत व्हतो. 'त्या साली माझा विवाह झाला.' पाव्हण्यांना तुमीच वाचून दाखोली."

भगवंतरावांनी चहा संपवला. मग म्हणाले, "लगनाआधी... तुह्या गावात शाळा होती काय व?"

एकोणचाळीस वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मी सांगतो. तुमी लिवा."

माहेरी बेज्जूरकडे, प्राणहितेच्या पुरात वाहून आलेली म्हैस रेणुकाबाईंच्या आईनं ठेवून घेतली होती, तिथून सुरुवात झाली. भगवंतराव "मंग?" म्हणत लिहीत राहिले. पोटातली कळ वाढली तेव्हा एका बोटानं टाइप केलं.

डॉक्टरांचा अंदाज चुकला. भगवंतराव एकवीस दिवस आधीच गेले.

तोवर अडतीस पानं झाली होती. रेणुकाबाई त्यात अकरा वर्षांच्या होत्या, आणि भगवंतरावांचा अजून कुठे पत्ताच नव्हता.