उजवाडावा डोळा

बॅकस्पेसने खोडलेलं अक्षर पडद्यावरून जातं पण ओळीतून जात नाही, ही बाब नमुने विभागातल्या एका प्रोग्रामरच्या निदर्शनास आली.

त्याची संस्था एक लायब्ररी बनवत असे. पुस्तकांची नव्हे. संगणकाच्या काळ्या खिडकीत माणूस एक ओळ टाइप करतो, चुकतो, खोडतो, पुन्हा टाइप करतो आणि एंटर मारतो. हे सगळं सुरळीत व्हावं म्हणून इतर प्रोग्रामरांना आयता मिळणारा कोड, म्हणजे ही लायब्ररी. ती कशी वापरायची हे दाखवायला सोबत छोटे नमुना प्रोग्राम दिलेले असत. लायब्ररी ठणठणीत होती. दुखणं होतं ते नमुन्यांत. ते लिहिणारा विभाग नमुने विभाग, आणि तिथे बसणाऱ्यांना बाकीची इमारत काय म्हणे ते सांगायला नको. आमच्या प्रोग्रामरला तर 'शंकासुर' अशी वेगळी पदवीच होती.

चूक त्याला ऑफिसात सापडली नाही, आईच्या डोळ्यात सापडली. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. रुग्णालयाच्या काउंटरवर कारकुनाने सवयीने 'उजवा' टाइप केलं. आई म्हणाली, "अहो, डावा." कारकुनाने 'उजवा' खोडून 'डावा' लिहिलं, एंटर मारला आणि चिठ्ठी हातात दिली. तीवर छापलं होतं : 'डोळा : उजवाडावा'.

"मी खोडलं होतं हो! तुमच्या देखत खोडलं!" कारकून म्हणाला.

"मग परत लिहा ना," शंकासुर म्हणाला.

कारकुनाने परत लिहिलं. घाईत 'दावा' पडलं, ते खोडून 'डावा' केलं. आता डोळा 'उजवाडावादावाडावा' झाला. कारकुनाने घाम पुसला, जुनीच नोंद परत आणली आणि यापुढे हात लावणार नाही असं सांगितलं.

आईचं लक्ष मात्र चिठ्ठीच्या माथ्याकडे होतं. चांगल्या डोळ्याने तिने वाचलं, 'नमस्कार, हा नमुना आहे.'

"नमुना कुणाला म्हणतात रे हे? मला?"

शंकासुराने चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. ती ओळ त्याच्याच विभागाची होती. रुग्णालयाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी नमुना जसाच्या तसा उचलला होता, नमस्कारासकट आणि चुकीसकट. त्याने त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आम्ही मुळाबरहुकूम काम करतो. मूळ सुधारा, आम्ही लगेच सुधारतो."

दुरुस्ती एका ओळीची होती. दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन विभागप्रमुख बाईंकडे गेला.

"अहो, नमुना वापरण्यासाठी नसतो, बघण्यासाठी असतो," बाई म्हणाल्या. "त्याला चूक कशी लागेल?"

"पण मॅडम, लोक तोच वापरतात. माझ्या आईचं ऑपरेशन त्याच नोंदीवर व्हायचंय."

"त्यांना आराम पडो. पण असं बघा, नमुन्यात चूक असेल तर आपण लोकांपुढे चुकीचं उदाहरण ठेवलं असं होईल. आपली संस्था चुकीचं उदाहरण ठेवत नाही. म्हणजे चूक नाही. तसं समितीने मागेच ठरवलंय. तरी अर्ज करायचा तर करा, खिडकीतून."

खिडकी म्हणजे काळी खिडकी. अर्ज स्वीकारणारा प्रोग्राम संस्थेने, साहजिकच, स्वतःच्याच नमुन्यावरून केला होता.

शंकासुर अर्ज लिहायला बसला. डोकं तापलेलं होतं. बोटांनी 'बावळट' असा शब्द टाइप केला. त्याने तो खोडला, 'माननीय समिती' असं लिहिलं आणि पुढे चूक काय, आईचं काय, दुरुस्ती काय, सगळं आदबीने मांडून एंटर मारला. पडद्यावर अर्ज देखणा दिसत होता. खोडलेलं जात नाही हे इमारतीत फक्त त्यालाच पटलेलं होतं, आणि तोच ते विसरला. वर्षानुवर्षांची सवय, हात आपोआप गेला.

समितीपुढे अर्ज आला तो 'बावळटमाननीय समिती' पासून सुरू झाला.

"हा शब्द तुम्ही लिहिलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"लिहिला होता साहेब, पण खोडला. खोडलेलं राहतं, हीच तर चूक आहे!"

अध्यक्ष दुखावले नव्हते, ते विचार करत होते. "चूक आहे असं धरलं तर तुम्ही निर्दोष. पण चूक नाही असा आमचा ठराव आहे. तेव्हा शब्द तुम्ही शुद्धीवर राहून पाठवलात."

शंकासुराला ताकीद मिळाली आणि दुरुस्ती फेटाळली गेली. पण समिती अगदीच निबर नव्हती. लोकांची गैरसोय होऊ नये म्हणून तिने नमुन्याच्या माथ्यावर एक ओळ वाढवली : 'वापरणाऱ्याने चुकू नये.' ही ओळ रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच संध्याकाळी पोचली. मुळाबरहुकूम.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सबाईंनी नोंद दोनदा वाचली. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्यावर पेनने खूण करायची असा तिथला नियम. त्यांनी दोन्ही बाजूंचा मान राखून खूण नाकाच्या वर, बरोबर मधोमध केली. डॉक्टर आले, खुणेखाली डोळा शोधू लागले.

"डावा हो, डावा! मला त्यानेच दिसत नाही!" आई ओरडली.

"आजी, पेशंटच्या सांगण्यावर कापत नाही आम्ही. नोंद सुधारून आणा."

घरी आल्यावर शंकासुर ओल्या फडक्याने आईच्या कपाळावरची शाई घासत बसला. त्याला रडू येत होतं आणि ज्याच्या नावाने रडावं असं नेमकं कुणी सापडत नव्हतं. शाई फिकी होईना.

"राहू दे रे," आई म्हणाली. "तुमच्याकडे नाहीतरी पुसलेलं जातच नाही." डाव्या डोळ्यापुढचं धुकं तिने हाताने बाजूला सारून पाहिलं. तेही गेलं नाही.

ताजा कलम. ही कथा त्याच खिडकीत टाइप केली आहे. वाचकांविषयी एक शब्द घाईत पडला होता, तो ताबडतोब खोडला आहे. तेव्हा इथवर वाचून, जरा हसून, 'आपल्याला काय त्याचं' म्हणत पान उलटणाऱ्या आमच्या निगरगट्टसुजाण वाचकांचे मनःपूर्वक आभार.