पुणेरी जोडा आणि फरार टोळी

"इंदुरात गुन्हे कमी झाले याचं श्रेय पोलीस घेतात. घेऊ देत! पण एखाद्या चोराला खासगीत विचारा, तो झोपेत कुणाच्या नावानं दचकतो म्हणून."

असं अच्युतराव स्वतःच सांगत. पद्मजाला असा एकही चोर खासगीत भेटला नव्हता, तेव्हा दिरांवर विश्वास ठेवण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. पोटासाठी ते मध्यभारत सरकारच्या रेकॉर्डरूममध्ये कारकून होते, आणि उरलेल्या वेळात गुप्तहेर. राजधानी काही महिने इंदुरात आणि काही महिने ग्वाल्हेरला नांदत असल्यामुळे त्यांच्या बुद्धीला खुराक भरपूर. जी फाइल इंदुरात सापडत नाही ती ग्वाल्हेरला असते आणि जी ग्वाल्हेरला सापडत नाही ती इंदुरात, हा सिद्धांत त्यांनी एकट्यानं शोधून काढला होता. दोन्हीकडे नसेल ती वाटेत असते, हा त्याचा उपसिद्धांत.

त्या शनिवारी त्यांच्यावर सोपवलेलं काम मात्र बिनडोक्याचं होतं. पद्मजाचे वडील अप्पासाहेब पुण्याहून सकाळी आठच्या गाडीनं येणार होते. त्यांना स्टेशनवरून घरी आणायचं, बस्स. पद्मजाचा नवरा शरद बेटम्याच्या शाळेत मास्तर. त्याला रजा मिळाली नव्हती, म्हणून अच्युतरावांनी घेतली.

अप्पासाहेबांचं कार्ड होतं चार ओळींचं. 'उज्जैनला दर्शनास जाताना इंदुरास उतरेन. दोनच्या गाडीने पुढे. चि. उषास पाहीन. नियम तुला ठाऊक आहेच.'

नियम असा, की मुलीला मुलगा होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आणि पद्मजाला झाली होती उषा. दहा महिन्यांची, दोन दातांची, आणि आजोबांनी अजून न पाहिलेली. पद्मजाला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणही सासरीच झालं होतं. नळावर तिनं ते कार्ड गल्लीतल्या बायकांना वाचून दाखवलं होतं. "मोजून सहा तास, तेही माझ्या दारात उपाशी." बायका ऐकून गप्प राहिल्या. ही गल्ली कधी गप्प राहत नाही, हे खरं तर तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

साडेनऊला अच्युतराव परत आले. एकटे. अर्धी दाढी हनुवटीला, अर्धी हातात.

"भाऊजी, अप्पा कुठायत?"

"हाच तर प्रश्न आहे, वहिनी!" ते ओट्यावर बसले. "मी मारवाडी शेठच्या वेशात खांबाआड उभा होतो."

"वेश कशाला?"

"पाहुण्यावर पाळत असेल तर ती मला दिसावी, पण मी तिला दिसू नये."

"आणि अप्पांना?"

अच्युतरावांनी या बाजूनं विचार केला नव्हता. लग्नात एकदाच पाहिलेल्या व्याह्यांना दाढीतून ओळखणं अप्पासाहेबांना कसं जमावं? पण अशा किरकोळ गोष्टींत अडकणारा माणूस गुप्तहेर होत नाही.

"हरी टांगेवाल्याची जबानी घेतली. म्हणतो, 'पूनावाले बाबूजी को छत्री के पास, गली के मुँह पे उतारा, भिया.' म्हणजे छत्र्यांपासून इथवर, शंभर पावलांत, माणूस गायब!"

कृष्णपुऱ्याला नदीकाठी होळकरांच्या समाध्यांवर बांधलेल्या छत्र्या आहेत, त्यांच्यामागची ही गल्ली. सात घरांची, पुढे बंद, आणि सातवं घर यांचं. संस्थान विलीन झालं तरी गल्लीत कुणाचंच पद गेलेलं नव्हतं. पहिल्या घरचे पोतनीस खजिना नसताना पोतनीस, पलीकडचे फडणीस फड नसताना फडणीस, आणि तिसऱ्या घरातले पागनीस, ज्यांच्या दारात आता एक सायकल बांधलेली असे. छत्र्या बघायला आलेला कुणी चुकून आत शिरला, तर पहिल्या घरचा इतिहास ऐकल्याशिवाय त्याला दुसऱ्या घराकडे जाता येत नसे. गेला तर पहिल्याचा अपमान. होळकरशाहीपासूनची रीत.

"नदीत तोल गेला असेल," हा अच्युतरावांचा पहिला तर्क. नदीत पाणी घोट्याएवढं निघालं. "छत्र्या पाहून वैराग्य आलं असेल," हा दुसरा. पुण्याचा माणूस परतीचं तिकीट काढून विरक्त होत नाही, म्हणून तोही बाद. मग ते वही घेऊन बाहेर पडले.

घड्याळ पुढे सरकत होतं. पद्मजानं उषाचं झबलं तिसऱ्यांदा बदललं. पोर गुळपोळीचा तुकडा चघळत दाराकडे बघत होती, जणू तिलाही कार्ड आलं होतं. मधेच पोतनिसांच्या शशिकलाकाकू घाईनं येऊन गेल्या.

"जरा जिरावण दे गं, पोह्यांवर घालायला. आमचं संपलं."

"काकू, अप्पा अजून आले नाहीत हो!"

"येतील गं, जातात कुठे? तू तर बस आरामात," म्हणत काकू नजर चुकवून पळाल्या. तासाभरानं फडणिसांच्या अरुंधतीबाईंनी खिसणी नेली, कणसं किसायला. त्यांनीही डोळ्याला डोळा दिला नाही.

साडेबारा वाजता अच्युतराव विजयी मुद्रेनं आत आले.

"वहिनी, टोळी आहे! पुण्याहून आलेली!" त्यांनी वही उघडली. "सव्वानऊला पोतनिसांच्या दारात लाल पुणेरी जोडा. सव्वादहाला फडणिसांच्या दारात लाल पुणेरी जोडा. साडेअकराला पागनिसांच्या दारात, पुन्हा तोच नमुना, तेच माप, डाव्या टाचेला तीच झीज! तीन घरांत तीन इसम घुसले आहेत. एकाच मोच्याकडचे, एकाच पायाचे. भयंकर शिस्त आहे हो!"

"भाऊजी, पोतनिसांकडचा जोडा आता आहे?"

"नाही. तो फरार."

"आणि फडणिसांकडचा?"

"तोही फरार. पण तिसरा मी सोडला नाही, पुरावा म्हणून जप्त करून—"

पद्मजानं पुढचं ऐकलंच नाही. जिरावण, खिसणी, आणि नळावरची ती चमत्कारिक शांतता तिच्या डोक्यात एका ओळीत येऊन उभी राहिली. उषाला काखोटीला मारून ती धावत पागनिसांच्या माजघरात शिरली.

अप्पासाहेब पाटावर बसले होते. समोर ताटात चौथा बाफला, कणकेचा मुठीएवढा भाजका गोळा, तुपात बुडत होता आणि त्यांची मुद्राही तशीच बुडत्याची होती.

"पदू," ते क्षीण आवाजात म्हणाले, "हे लोक उठू देत नाहीत गं. एकीनं पोहे चारले, दुसरीनं भुट्ट्याचा कीस. तुझं घर विचारलं की म्हणतात, 'दाखवतो ना, आधी हात धुवा.' प्रत्येक घरी एकेका महाराजांचा हत्ती ऐकला मी!"

दाराआडून शशिकलाकाकू पुढे आल्या. "मग काय करायचं? लेकीच्या घरचं चालत नाही म्हणे यांना. आम्ही काय यांच्या लेकी आहोत? म्हटलं, उपाशी नको बसायला. तीन घरांत आटपू म्हटलं तर हे पुणेकर दर घासाला विचार करतात!"

अप्पासाहेब ताट सोडून उठले. दारात जोडा नव्हता. भर दुपारी अनवाणी, पोटावर हात धरून, ते लेकीच्या घरी आले. एक वाजून गेला होता.

ओसरीवर टेकले तशी पद्मजानं उषाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. बोलायचं सगळं दहा महिन्यांत कितीदा तरी ठरवून झालं होतं, ते तसंच राहिलं.

उषानं आजोबांची मिशी तपासली. ओढून पाहिली, खरी होती. मग हातातला गुळपोळीचा तुकडा, निम्मा चघळलेला, तिनं मोठ्या उदारपणे त्यांच्या तोंडात कोंबला.

अप्पासाहेब थुंकले नाहीत. गिळलंही नाही. नात तोंडात बघत होती, तुकडा गेला की नाही ते.

गेला.

"हे तुझ्या घरचं नव्हे," अप्पासाहेब पद्मजाकडे न बघता म्हणाले. "तिच्या हातचं आहे. नियमात नातीच्या हाताचा उल्लेख नाही." मग त्यांना ठसका लागला. "पाणी दे जरा."

पद्मजानं तांब्या इतक्या झटक्यानं आणला, की निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

"आता टांगा बोलव. आणि माझा जोडा? स्टेशनवर एक शेठ खांबाआडून मला न्याहाळत होता, म्हणून घाईनं टांगा केला. त्यानंच मागे येऊन लांबवला असणार."

अच्युतराव खाकरले. त्या शेठबद्दल त्यांनी मौन पाळलं. "जोडा सुरक्षित आहे. जप्त केल्याबरोबर रेकॉर्डरूममध्ये नेला, नंबर टाकला, कुलपात ठेवला."

"मग आणा!"

"शनिवार, अर्धा दिवस. एकला कचेरी बंद झाली. किल्ली साहेबांकडे आणि साहेब हातोदला, सासुरवाडीला. सोमवारी दहाला उघडेल." ते अभिमानानं म्हणाले, "नशीब समजा, ग्वाल्हेरच्या गाठोड्यात नाही गेला."

पद्मजानं दिराकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिला त्यांच्या हुशारीबद्दल असा उमाळा कधी आला नव्हता. "भाऊजी," ती म्हणाली, "केस फार अवघड होती हो."

अप्पासाहेबांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. महाकाळाच्या देवळात जोडे काढूनच जायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण उषा मांडीवर ऐसपैस पसरली होती आणि तिच्या मुठीत त्यांची करंगळी होती.

"सोमवार म्हणजे सोमवार," ते म्हणाले. "कायद्यापुढे इलाज नाही. रात्री मुगाची खिचडी टाक. पातळ. आणि तूप अजिबात नको."

पद्मजा "हो" म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून लगबगीनं स्वयंपाकघरात गेली.

अच्युतरावांनी वही उघडून शेवटची नोंद केली: 'दोन इसम फरार. एक जोडा हस्तगत. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. चूल पेटलेली नाही, कांदाही चिरलेला नाही. कारण अज्ञात.'